कलांग नदीच्या भिंती फोडल्या तेव्हा

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात एक लहानशी टेकडी आहे. तिथे रचलेले दगड जवळून पाहिले, तर ते दगड नसून काँक्रीटचे तुकडे असल्याचं कळतं. पूर्वी त्यांच्या भिंती होत्या आणि त्या भिंतींमधून कलांग नदी वाहायची, उद्यानाच्या कडेने, सरळ रेषेत. कोरड्या दिवशी तळाशी बारीक धार असायची. अनोळखी माणसाने तिला नदी म्हटलंच नसतं.

त्या काळी हे शहाणपणाचंच वाटत होतं. 1960 आणि 1970च्या दशकांत सिंगापुरात पुराचं पाणी वस्त्यांत शिरायचं. ते लवकर समुद्राकडे काढून द्यायचं तर पात्र सरळ आणि गुळगुळीत हवं, हे गणित बरोबर होतं. पण वरून भरधाव निघालेलं पाणी खाली एकदमच पोचतं, आणि तिथलं पात्र अपुरं पडलं की पूर फक्त जागा बदलतो. शहर वाढतं, मोकळ्या जमिनीवर फरशा आणि डांबर येतं, मग मुरणारं पाणीही कालव्यातच उतरतं. भिंती किती वेळा उंच करायच्या?

2009 ते 2012 या काळात उद्यान आणि कालवा, दोन्हींचं काम एकत्र हाती घेतलं गेलं आणि कालवा दुरुस्त न करता फोडला गेला. 2.7 किलोमीटरच्या सरळ कालव्याच्या जागी सुमारे 3 किलोमीटरची, वळणं घेणारी नदी आली. आता ती 62 हेक्टरांच्या उद्यानाच्या मधून वाहते.

यामागचं विज्ञान सोपं आहे. एका सेकंदात किती पाणी पुढे सरकेल, हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: पाण्याचा वेग आणि वाहत्या पाण्याची रुंदी-खोली. गवत, दगड, वळणं वेग कमी करतात. ती तूट भरून काढायला रुंदी द्यावी लागते. जुना कालवा 17 ते 24 मीटर रुंद होता; आता मोठ्या पावसात पाणी हिरवळीवर पसरतं आणि पात्र जवळपास 100 मीटर होतं. पाणी वाहून नेण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी वाढली. पाणी चढू लागलं की भोंगे आणि दिवे लोकांना काठावरून वर जायला सांगतात. पाणी ओसरल्यावर गाळपेर करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी वाटणार नाही: जमीन नदीची, ती मागे सरली की वापर आपला. आणि 25 सप्टेंबर 2019च्या रात्री पुण्यात आंबील ओढा घराघरांत शिरलेला ज्यांनी पाहिला, त्यांना पसरायला जागा न उरलेलं पाणी काय करतं हे समजावून सांगावं लागत नाही.

काँक्रीट काढल्यावर काठ ढासळणार नाही कशावरून? म्हणून आधी 60 मीटरच्या एका तुकड्यावर दहा पद्धती करून पाहिल्या आणि त्यांतल्या सात निवडल्या. काटक्यांच्या मोळ्या उतारावर पुरायच्या, जाळीदार कापडात माती गुंडाळून थर रचायचे, दगडांच्या फटींत जिवंत फांद्या खोचायच्या. फांद्यांना मुळं फुटतात आणि मुळं मातीला आवळून धरतात. आपण बांधावर वाळा लावतो तो याचसाठी. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. काँक्रीटची भिंत नवी असताना सर्वांत मजबूत असते आणि मग वर्षानुवर्षं झिजत जाते. जिवंत काठ पहिल्या दिवशी सर्वांत कच्चा असतो आणि दर पावसाळ्यागणिक घट्ट होतो. त्यामुळे असं काम ज्या दिवशी पूर्ण झालं म्हणतात, त्या दिवशी त्याची खरी राखण सुरू व्हायला हवी.

पाण्यातही बदल होतो. उथळ जागी दगडांवरून खळाळताना त्यात हवेतला प्राणवायू मिसळतो. पुढच्या डोहात माशांना आसरा मिळतो. खडे आणि मुळं यांवरच्या बुळबुळीत थरात राहणारे जिवाणू पाण्यातला अमोनिया बदलून टाकतात, आणि त्यातून तयार झालेलं नायट्रेट वनस्पती शोषून घेतात. उन्हाने तापणाऱ्या सपाट काँक्रीटवर यातलं फारसं काही घडत नाही. नदी मोकळी केली तर डास वाढतील, ही शंका मात्र हमखास येते. डासांना साचलेलं पाणी लागतं. डेंग्यू पसरवणारा डास तर कुंड्या, टायर, टाक्यांत अंडी घालतो. वाहत्या नदीत डासांच्या अळ्या झाल्याच, तर मासे आणि चतुरांची पिल्लं त्या खाऊन टाकतात.

हे सगळं जमलं, कारण त्या पात्रात सांडपाणी येत नव्हतं. 1977 साली तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कलांगचं खोरं दहा वर्षांत स्वच्छ करण्याचं लक्ष्य दिलं. डुकरं आणि बदकं पाळण्याच्या जागा हटवल्या गेल्या, झोपडवस्त्यांचं पुनर्वसन झालं, मैलापाण्याच्या वाहिन्या पावसाच्या पाण्यापासून वेगळ्या राहिल्या. 1987पर्यंत ते काम झालं. बिशानमधल्या भिंती फुटल्या त्यानंतर बावीस वर्षांनी. आज कलांगचं पाणी मरीना जलाशयात जातं आणि तो पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. मैलापाणी तसंच ठेवून काठावर बाकं आणि दिवे लावले, तर ती नदीची दुरुस्ती होत नाही. हा क्रम उलटा करून चालत नाही.

सिंगापुरातून 1970च्या सुमाराला नाहीशी झालेली पाणमांजरं 1990च्या दशकाच्या अखेरीस परतली. पुढे त्यांच्यातलं एक कुटुंब या उद्यानात राहायला आलं, इथे पिल्लं वाढली, आणि मग सगळी मंडळी नदीच्या वाटेनेच खाली मरीना खाडीपर्यंत गेली. गोव्यात चोडण बेटाच्या खारफुटीत दिसतात ती याच जातीची. बिशानमध्ये संध्याकाळी पळायला आलेली माणसं त्यांना पाहून थांबतात. पाणमांजरं मात्र मासा खाऊन होईपर्यंत मान वर करत नाहीत.