बेलसरच्या आधीची सत्तर वर्षे

पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे जुलै २०२१ मध्ये डासांमार्फत पसरणाऱ्या झिकाचा राज्यातील पहिला रुग्ण आढळला, तेव्हा अनेकांनी या आजाराचे नाव प्रथमच ऐकले. पुण्याच्या दप्तरी मात्र त्याची नोंद बरीच जुनी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. देशातील रहिवाशांच्या रक्तनमुन्यांच्या ज्या पाहणीचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात झिकाविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने, आढळली होती. झिका आणि डेंग्यू एकाच कुळातले असल्याने एकाची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही प्रतिसाद देतात, म्हणून तो पुरावा जपूनच वाचावा लागतो, तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

झिकाचा विषाणू मुळात १९४७ मध्ये युगांडातील झिका जंगलात, पीतज्वराच्या अभ्यासासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात सापडला. पीतज्वर, डेंग्यू आणि चिकुनगुनिया यांचीही मुळे अशीच जंगलातील माकडे आणि डास यांच्यातील चक्रात आहेत. पण घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढणारा आणि माणसाचेच रक्त पसंत करणारा एडिस इजिप्ती डास मिळाल्यावर या विषाणूंना माकडाची गरज उरली नाही. आजारी माणसाच्या रक्तात विषाणू इतका वाढतो की त्याला चावलेला डास काही दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ पसरली ती याच मार्गाने.

जपानी मेंदूज्वराची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि प्राणी व माणूस यांचे नाते समजून घ्यायचे तर तीच अधिक बारकाईने पाहायला हवी. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स डास तो विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांकडून डुकरांकडे नेतात. डुकरे स्वतः फारशी आजारी दिसत नाहीत, पण त्यांच्या रक्तात विषाणू झपाट्याने वाढतो. माणसाच्या रक्तात तो इतका वाढत नसल्याने साखळी तिथेच तुटते, म्हणजे ज्याचा मेंदू सुजतो त्या मुलापासून पुढे कोणालाही लागण होत नाही. पक्ष्यांमधला विषाणू संपवणे शक्य नसल्याने तिथे मुलांच्या लसीकरणावर भर द्यावा लागतो. झिकाची साखळी मात्र माणूस आणि घरातला डास यांच्यातच फिरते, म्हणून जून २०२४ मध्ये पुण्यातील एरंडवण्यात झिकाचे रुग्ण आढळले, तेव्हा शोध घ्यायचा होता तो प्राण्यांचा नव्हे, तर पाण्याच्या टाक्यांचा, कुंड्यांखालच्या ताटल्यांचा आणि तापाच्या रुग्णांचा.