रँडम लेव्हल म्हणजे नुसतं नशीब? नाही हो

‘लेव्हल दरवेळी नवीन बनते म्हणजे जिंकलो तर नशीब, मेलो तर गेमची चूक’ हे रोगलाईक गेम्सबद्दल (दरवेळी नवा नकाशा, मेलात की पहिल्यापासून सुरू) वर्षानुवर्षं फिरतंय, पण रँडम म्हणजे वाट्टेल तसं नसतं ना. ‘स्पेलंकी’ हा गेम बघा, ४ बाय ४ खोल्यांची चौकट, गेम आधी बाहेर पडायचा रस्ता पक्का करतो आणि मग माणसाने बनवलेले खोल्यांचे साचे त्यात बसवतो, त्यामुळे भिंत फोडायचे बॉम्ब किंवा चढायचे दोर न वापरता पण शेवटच्या दारापर्यंत पोचता येतं. आणि ‘नेटहॅक’ या जुन्या रोगलाईक गेममध्ये मुरलेले लोक लागोपाठ कित्येक गेम जिंकतात, नुसत्या नशिबावर जमेल का? नकाशा पाठ करून उपयोग नाही, कुठला राक्षस काय करतो, कधी पळायचं हे अंगात भिनावं लागतं, त्यातच तर मजा आहे. मी बहुतेकदा हावरटपणामुळेच मरतो, ते सोडा.