हलकी गाडी स्वस्त होती तेव्हा

दार आतून उघडायला हँडल नाही, चामड्याची एक पट्टी आहे. ती ओढली की खटका सुटतो. दारावर हात टेकायला आर्मरेस्ट नाही. डॅशबोर्डवर घड्याळाच्या जागी नुसते झाकण बसवलेले. समोरच्या कप्प्याला दारच नाही. शेजारी बसणाऱ्याच्या डोक्यावर सनव्हायजर नाही, ऊन लागले तर त्याने हात आडवा धरावा. मागे वळून बघावे तर सीट गायब. पायाखाली कार्पेटऐवजी रबरी मॅट, आणि नाकावर एरवी जे धातूचे मानचिन्ह दिमाखात बसलेले असते तिथे चक्क स्टिकर.

ही 1973 ची पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7, आणि तीही 'स्पोर्ट' प्रकारातली.

हल्ली एखाद्या स्पोर्ट्स कारची हलकी, मर्यादित संख्येची आवृत्ती आली की तिच्या नेहमीच्या भावंडांशी तुलना सुरू होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: दहा-वीस अश्वशक्ती जास्त, पण एसी नाही, मागची सीट नाही, आणि वर किंमत जास्त? काढून घेतलेल्या वस्तूंचे पैसे कसले लावता? प्रश्न रास्त आहे. गंमत अशी, की या प्रथेला ज्या गाडीने वळण लावले तिच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा होता. तिथे हलकी गाडी स्वस्त होती आणि लोकांनी जास्त पैसे मोजून ती जड करून घेतली.

त्यासाठी 1972 मध्ये जावे लागते. पोर्शेच्या 917 या शर्यतीच्या गाडीने 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली होती. 1972 पासून नियम बदलला, जागतिक अजिंक्यपदासाठी इंजिनाची कमाल क्षमता 3 लिटर ठरली, आणि जवळपास 5 लिटरची 917 युरोपात एका फटक्यात निकामी झाली. पोर्शेने तिला अमेरिकेच्या कॅन-अॅम मालिकेत धाडले. युरोपात काय पळवायचे हा प्रश्न उरलाच. हाताशी होती ती रोजच्या विक्रीतली 911.

याच सुमारास कंपनीतही खांदेपालट झाला होता. पोर्शे आणि पिएख घराण्यांतली मंडळी रोजच्या कारभारातून बाजूला झाली आणि सूत्रे अर्न्स्ट फुरमान यांच्याकडे आली. फुरमान मूळचे इंजिनवाले. 1950 च्या दशकात पोर्शेचे चार कॅमशाफ्टचे गाजलेले इंजिन त्यांनीच रचले होते. मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना या शर्यतीत 1954 साली पोर्शेने नाव काढले, आणि पुढे हे इंजिन बसवलेल्या रस्त्यावरच्या गाड्यांना 'कॅरेरा' म्हटले जाऊ लागले. स्पॅनिशमध्ये कॅरेरा म्हणजे शर्यतच. तेव्हा 911 ला शर्यतीसाठी तयार करताना जुने नाव पुन्हा बाहेर काढावे असे त्यांना वाटणे साहजिक होते. पुढची आर आणि एस ही दोन अक्षरे 'रेनस्पोर्ट' या जर्मन शब्दाची, अर्थ तोच, मोटारींची शर्यत.

आता नियमाचा पेच. 'ग्रुप 4' या वर्गात उतरायचे तर त्या गाडीच्या 500 प्रती तयार करून दाखवाव्या लागत. यालाच होमोलोगेशन म्हणतात. ओझ्याची बैलगाडी वेगळी आणि शर्यतीचा छकडा वेगळा, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नियम मात्र म्हणत होता, की तुमचा छकडाच 500 माणसांना बाजारहाटासाठी विकून दाखवा.

पोर्शे या ठिकाणी एकदा ठेचकाळली होती. 1967 मध्ये 911 आर नावाची गाडी त्यांनी केली. वजन 800 किलोच्या आसपास, इंजिन शर्यतीच्या कॅरेरा 6 मधले, 2 लिटरमधून 210 अश्वशक्ती. पण अशा 500 गाड्या खपणार नाहीत असे विक्री विभागाचे मत पडले, आणि चार नमुने व 20 गाड्यांवर प्रकरण थांबले. 1972 मध्येही विक्रीवाल्यांच्या कपाळावर त्याच आठ्या होत्या. त्यांना दोष देता येत नाही. घड्याळ नसलेली गाडी विकायला शोरूममध्ये उभे राहणार होते ते तेच.

यातून निघाले ते एकाच गाडीचे तीन अवतार. मूळ किमतीत मिळणारी गाडी जवळपास उघडीबोडकी, केवळ कागदोपत्री वजन भरवण्यापुरती. तिच्यावर 700 जर्मन मार्क दिले की स्पोर्ट. आणि 2500 मार्क दिले की 'टुरिंग', म्हणजे 911 एस मध्ये असतो तसा साग्रसंगीत आतला भाग: कार्पेट, मागची सीट, आर्मरेस्ट, घड्याळ सगळे परत जागेवर.

तुलनेच्या दृष्टीने ही मांडणी फार सोयीची आहे. कारण यात एक प्रयोगच आपोआप मांडून मिळतो. त्या वर्षीची नेहमीच्या विक्रीतली सर्वांत तगडी 911 म्हणजे 911 एस: 2.4 लिटर, 190 अश्वशक्ती. खाली 911 ई 165 ची आणि 911 टी 130 ची. आरएसचे इंजिन 2.7 लिटर, 210 अश्वशक्ती. टुरिंगचे वजन 1075 किलो, एस जवळपास तेवढीच. स्पोर्टचे 960. (टाकीत पेट्रोल किती आणि अंगावर कोणते ऑप्शन, यावर हे आकडे वीस-पंचवीस किलोंनी इकडेतिकडे होतात, त्यावरून भांडू नये.) म्हणजे एस शेजारी टुरिंग ठेवली की कळते इंजिनाने काय केले, आणि टुरिंगशेजारी स्पोर्ट ठेवली की कळते निव्वळ वजनाने काय केले.

हिशेब करून बघू. एसच्या प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला साधारण 5.7 किलो येतात, टुरिंगमध्ये 5.1, स्पोर्टमध्ये 4.6. स्पोर्टचे हे प्रमाण टुरिंगला इंजिनाच्या जोरावर गाठायचे तर 210 ऐवजी 235 अश्वशक्ती लागली असती. थोडक्यात, काढून टाकलेले 115 किलो 25 अश्वशक्तींच्या बरोबरीचे होते. कंपनीच्या आकड्यांनुसार शून्य ते 100 किमीचा वेग गाठायला टुरिंगला 6.3 सेकंद लागत, स्पोर्टला 5.8. कमाल वेग मात्र 240 आणि 245, म्हणजे उन्नीस-बीस. ते बरोबरच आहे. ऐन वेगात गाडी हवेशी झुंजत असते, तिथे वजनाला फारसे विचारत नाहीत. वजन जाणवते ते वेग घेताना, ब्रेक मारताना आणि वळणावर.

एसपेक्षा जास्तीच्या ज्या 20 अश्वशक्ती मिळाल्या, त्यांच्यासाठी काय करावे लागले तेही बघण्यासारखे आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तोच, 70.4 मिलिमीटर. कॅमशाफ्ट एसचेच, बॉशची यांत्रिक फ्युएल इंजेक्शनची पद्धतही तीच. फक्त सिलिंडरचा व्यास 84 वरून 90 मिलिमीटरवर नेला. पण 'फक्त' म्हणणे सोपे आहे. जुन्या सिलिंडरला आतून लोखंडी अस्तर असे, आणि एवढा मोठा पिस्टन बसवायचा तर त्या अस्तराला जागाच उरत नव्हती. उपाय आला 917 कडून: अॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप, ज्याला निकासिल म्हणतात. अस्तर गेले, भिंत पातळ झाली, पिस्टन मावला. कमाल शक्तीपेक्षा खरा फायदा टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरात दिसला, 216 न्यूटन-मीटरवरून 255. म्हणजे एसला सतत पिरगाळत ठेवावे लागे ते आरएसमध्ये जरा कमी झाले.

आणि वजन? तिथे असा एकही चमत्कार नाही. सगळी किराणा दुकानातली काटकसर. बाहेरचा पत्रा पातळ. काचा बेल्जियमच्या ग्लावेरबेल कंपनीकडून आणलेल्या, त्याही पातळ. मागचे बंपर फायबरग्लासचे. आवाज दाबायचे थर आणि तळाला मारतात तो गंजरोधक लेप, दोन्हींना कात्री. हा शेवटचा निर्णय पुढच्या मालकांना किती महागात पडला असेल हे मीठ फवारलेल्या युरोपीय रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यालाच विचारावे. एका दाराच्या पट्टीने असे कितीसे वजन वाचते? मूठभर. पण 115 किलो कुठे एका जागी ठेवलेले नसतात, ते असे मुठीमुठीनेच गोळा करावे लागतात.

एक वस्तू मात्र वाढवली, आणि गाडी ओळखली जाते ती तिच्यामुळेच. इंजिनाच्या झाकणावरचा उलटा वळलेला काठ. जर्मनांनी त्याला बदकाच्या शेपटाचे नाव दिले. 911 चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि पाठीचा उतार असा, की वेगात हवा मागचा भाग वर उचलू पाहते. हेरमान बुर्स्ट आणि टिलमान ब्रोडबेक या अभियंत्यांनी ती उचल मोडून काढणारा हा काठ शोधला आणि ऑगस्ट 1972 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला. जोडीला मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, 185 आणि 215 मिलिमीटर, आणि ते झाकायला मागचे मडगार्ड फुगवलेले. यातला शेपटीचा आणि टायरांचा लाभ टुरिंगलाही तितकाच मिळाला. म्हणून एस आणि टुरिंग यांत नुसते इंजिन बदलले असे म्हणणेही पूर्ण खरे नाही, माझ्या वरच्या प्रयोगाला एवढी खोट आहे.

ऑक्टोबर 1972 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी आली. नोव्हेंबरअखेर 500 च्या 500 विकल्या गेल्या होत्या. विक्री विभाग तोंडावर पडला आणि उत्पादन वाढवावे लागले. 1973 च्या उन्हाळ्यापर्यंत एकूण 1580 गाड्या झाल्या.

त्यांची फोड मात्र विक्रीवाल्यांची बाजू अगदीच सोडत नाही. 1308 टुरिंग. 55 शर्यतीच्या आरएसआर. 17 त्या उघड्याबोडक्या. आणि स्पोर्ट? 200. ज्या हलकेपणासाठी सगळा खटाटोप, तो दर आठ गिऱ्हाइकांत एकाला हवा होता. बाकीच्यांनी 1800 मार्क जास्त मोजले आणि घड्याळ, कार्पेट, मागची सीट परत घेतली. त्यांना शेपूट हवे होते, दारांवर तिरप्या अक्षरांत लिहिलेले 'कॅरेरा' हवे होते, इंजिन हवे होते. खडखडाट नको होता. मला यात काही चुकीचे दिसत नाही. रोज त्याच गाडीने कामावर जायचे असेल तर मीही टुरिंगच घेतली असती.

शर्यतीच्या बाजूने हिशेब लगेच फिटला. फेब्रुवारी 1973 मध्ये पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी आरएसआर घेऊन डेटोनाची 24 तासांची शर्यत जिंकली. मे महिन्यात सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ हर्बर्ट म्युलर आणि गिस व्हान लेनेप यांनी मारली.

शेजारच्या म्युनिकमध्ये हेच नाटक वेगळ्या पात्रांनी चालले होते. बीएमडब्ल्यूने शर्यतीसाठीच 3.0 सीएसएल काढली, त्यातला 'एल' हलकेपणाचाच. अॅल्युमिनियमची दारे, बॉनेट, डिकी. ब्रिटनसाठी घेतलेल्या 500 गाड्यांत मात्र काढलेल्या बऱ्याच सोयी 'सिटी पॅकेज' म्हणून परत भरल्या गेल्या.

मग हलकी गाडी महाग कधी झाली? एका दिवसात नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 911 च्या 964 या पिढीची आरएस आली तेव्हा युरोपात ती साध्या कॅरेरा 2 पेक्षा महाग होती: 250 ऐवजी 260 अश्वशक्ती आणि 1220 किलो, म्हणजे सुमारे 130 किलोंनी कमी. पण त्याच वेळी अमेरिकेत 'आरएस अमेरिका' नावाची तिची भावंड साध्या गाडीपेक्षा जवळपास 10 हजार डॉलर स्वस्त विकली जात होती, कारण वस्तूच कमी होत्या. एसी हवा तर वेगळे पैसे, रेडिओ हवा तर वेगळे. अशा 701 गाड्या झाल्या. जुना तर्क आणि नवा तर्क काही काळ असे दोन खंडांवर एकत्र नांदले. पुढे शर्यतीचा नियम मागे पडला आणि मर्यादित आकडाच विकण्याजोगी गोष्ट झाला. 2016 च्या नव्या 911 आर च्या 991 प्रती काढल्या, 2023 च्या 911 एस/टी च्या 1963. ही संख्या कुठल्या नियमातून आलेली नाही, 911 पहिल्यांदा ज्या वर्षी दाखवली गेली तो सन आहे तो.

त्या 200 स्पोर्टपैकी काही लिलावांत दहा लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. टुरिंगला त्याहून बरीच कमी किंमत येते. साहजिकच साध्या 911 टी ला बदकाचे शेपूट चिकटवून आणि 2.7 चे इंजिन बसवून आरएस म्हणून खपवण्याचे उद्योगही झाले. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आता इंजिन आणि गिअरबॉक्सवरचे नंबर जुळवते, आणि मग मोजणीचे यंत्र लावून पत्र्याची जाडी बघते. फरक असतो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा.