शिशाला खाणारी काचपेटी

जहाजाच्या जुन्या प्रतिकृतीवरच्या तोफा, नांगर, कप्प्या असे बारके भाग पुष्कळदा शिशाचे ओतलेले असतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती धूळ किंवा बुरशी असेलच असे नाही. बऱ्याचदा शिसेच झिजत असते, आणि त्याला झिजवणारा पदार्थ प्रतिकृतीच्या रक्षणासाठी केलेल्या पेटीतूनच येत असतो.

ओकचे लाकूड, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आणि ताजे रंग यांतून अ‍ॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाची, वाफ सुटते. लाकडातून तर ती वर्षानुवर्षे सुटत राहते आणि बंद पेटीत साठते. आम्लामुळे शिशाचे अ‍ॅसिटेट बनते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे कार्बोनेट करतो आणि आम्ल पुन्हा मोकळे होते, म्हणून थोडेसे आम्लही पुरून उरते. रंगासाठी लागणारा सफेता पूर्वी मुद्दाम असाच बनवत: मडक्यात व्हिनेगर, त्यावर शिशाच्या पट्ट्या आणि भोवती शेणखताची ऊब. कार्बोनेटला शिशापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे तोफेला आधी फुगवटे येतात, मग तिचे बारकावे पुसले जातात आणि शेवटी हातात भुकटी उरते.

ही भुकटी विषारी आहे, ती ब्रशने झटकू नये. नायट्राइलचे हातमोजे व योग्य मास्क घालून, हेपा (अतिबारीक कण अडवणारी) गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने कमी ओढीवर ती काढावी. पण आधी पेटी तपासायची, मग जहाज. आम्ल ओळखणाऱ्या निळ्या कागदी पट्ट्या पेटीत किमान एक दिवस ठेवाव्यात. त्या हिरव्या झाल्या तर आम्ल आहे, पिवळ्या झाल्या तर भरपूर आहे. नव्या पेटीसाठी काच, अ‍ॅक्रिलिक आणि भट्टीत पक्का केलेला पावडर-कोटिंगचा धातू बरा. लाकडी तळ बदलता येत नसेल, तर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली रोधक फिल्म लावून आत सक्रिय कोळसा ठेवतात. सगळे नीट करून शेवटी सांधे भरताना मात्र हमखास चूक होते: व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरले जाते. ते सुकताना तेच आम्ल सोडते. सिलिकॉन ‘न्यूट्रल क्युअर’, म्हणजे सुकताना हे आम्ल न सोडणाऱ्या, प्रकारचेच घ्यावे.

डोलकाठीच्या दोऱ्यांचे दुखणे वेगळे. सुती किंवा तागाचे धागे दमट हवेत जाड होतात आणि पीळ असलेला दोर त्यामुळे आखूड होतो. तो डोलकाठी वाकवतो, नाहीतर स्वतः तुटतो. म्हणून दुरुस्त केलेला दोर ताणून बांधू नये, किंचित ढिला ठेवावा. आधी भिंगाखाली जाडी, पदर आणि पीळ डावा की उजवा ते पाहून जुळणारा धागा निवडायचा. तुटलेली टोके गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडतात, कारण ती पुढे ओलाव्याने सोडवता येते. सुपरग्लूने जोड कडक होतो आणि दोर नेमका त्याच्या कडेला पुन्हा तुटतो. मूळ गाठी सोडू नयेत. बांधणाऱ्याचा हात त्यांतच दिसतो.

मासेमारीच्या जुन्या सुती जाळ्यांतही रक्षणाचाच उपाय उलटतो. समुद्रात जिवाणू सुती धागा कुजवतात, म्हणून जाळी खैराच्या काताच्या किंवा सालींच्या काढ्यात उकळत. कधी मोरचूद, कधी डांबर लावत. जाळे पाण्यात टिकले ते त्यामुळे. कोरड्या कोठारात मात्र काताची-सालींची ही टॅनिनयुक्त, म्हणजे तुरट रस असलेली, द्रव्ये आम्लधर्मी असल्याने धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात आणि तांबे-लोखंडाचे अंश ऑक्सिडीकरणाला वेग देतात. मग जाळे घडीवर काडीसारखे मोडते.

ते धुण्याचा मोह आवरावा. पाण्याबरोबर टॅनिन सरकते, तपकिरी कडा उमटतात आणि मासेमारीच्या खुणाही जातात. कडक घड्या उलगडण्यासाठी पाण्याची वाफ जाऊ देणारे पण पाणी न झिरपणारे कापड जाळ्यावर घालून त्यावर ओलसर टीपकागद ठेवतात. धागा नरम झाला की घडी थोडी थोडी उघडायची, घाई केली की गाठी सुटतात. त्यानंतर जाळे आम्लमुक्त कागद लावलेल्या जाड नळीवर सैल गुंडाळावे. कोळ्याने वेगळ्या धाग्याने घातलेले ठिगळ हा दोष समजू नये, ते तसेच राहू द्यावे.

छतावरून झुलणारे जाळे दालनात छान दिसते खरे, पण जाळे पाण्यात बुडावे म्हणून लावलेल्या शिशाच्या गोळ्यांचे वजन जुन्या गाठींना पेलत नाही. अशा जाळ्याला उतरत्या फळीवर सर्वत्र आधार द्यावा, प्रकाश ५० लक्सच्या आत ठेवावा, आणि ती फळीसुद्धा ओक किंवा एमडीएफची नको, कारण गोळ्या शिशाच्याच असतात.