सुर्ला म्हणजे नेमकं कुठलं?

पावसात गोव्यातल्या सुर्ल्याला जाऊया असं कोणी म्हटलं की आधी विचारून घ्यावं, घाटावरचं की घाटाखालचं? एक सुर्ला सह्याद्रीच्या माथ्यावर, दुसरं पायथ्याशी. मधे दाट रान.

घाटावरचं सुर्ला सत्तरी तालुक्यातलं. साखळीहून केरी, मग अंजुणे धरण खाली टाकून चोर्ला घाट चढायचा. कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं हे गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. केरीकडून समोर दिसतो तो वाघेरी. त्यालाच गोव्यातला सर्वांत उंच डोंगर समजणारे पुष्कळ भेटतात, पण तो मान सोंसोगडाचा, आणि तोही सत्तरीतच. सुर्ल्याला माणसं येतात ती धुक्यासाठी आणि लाडक्याचो वझर हा धबधबा बघायला. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटकात चाललेल्या तंट्यात ज्याचं नाव सारखं ऐकू येतं तो सुर्ला नालाही याच भागातला.

घाटाखालचं ते तांबडी सुर्ला, धारबांदोडा तालुक्यात. भगवान महावीर अभयारण्याच्या झाडीत, रगाडो नदीकाठी कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ आहे. गोव्यात बांधकाम म्हटलं की जांभा दगड, आणि हे मात्र काळ्या बेसाल्टचं. तो दगड घाटापलीकडून आणला असं मानतात. मंडपातल्या एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय. बसून, मान वाकवून बघावं लागतं, म्हणून निम्मे लोक चुकवतात. वर छताला कोरीव कमळ. नंदीचं मुंडकं नाही. शिखर अपुरं वाटतं, तरी देऊळ बेढब दिसत नाही. पूर्वाभिमुख असल्यामुळे इथे सकाळीच जावं. महाशिवरात्रीला मात्र निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

पावसाळ्यात माझं मत घाटावरच्या सुर्ल्याला. देवळाला थंडीत जावं, जवळच्या धबधब्याच्या वाटेवरच्या जळवाही तेव्हा कमी असतात.

गोंधळात भर म्हणून डिचोलीतही खाणपट्ट्यात एक सुर्ला आहे. मोबाईलवर नुसतं ‘सुर्ला’ टाकून निघालेला माणूस तिथे पोचला तर नवल नाही. वाटेत विचारायचं झालं तर ‘चोर्ल्याकडचं सुर्ला’ किंवा ‘महादेवाचं देऊळ’ म्हणावं. दोन्ही एका दिवसात उरकू असं कोणी सुचवलं तर नको म्हणा: घाट उतरून पुन्हा केरी, तिथून पार धारबांदोड्याकडे वळसा, आणि देवळात पोचेपर्यंत सकाळचं ऊन निघून गेलेलं असतं.