शितावरून मतांची परीक्षा

नोव्हेंबर 2017. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात निवडणूक होऊन गेलेली, आकडे जाहीर झालेले, आणि डेन्व्हरमध्ये राज्याच्या निवडणूक खात्यात चारचौघांसमोर टेबलावर फासे टाकणं चाललंय. आपले सापशिडीचे सहा बाजूंचे नाहीत, दहा बाजूंचे, 0 ते 9 आकडे असलेले. 20 फासे पडले, 20 आकडी एक संख्या तयार झाली, ती सगळ्यांनी बघितली, लिहून घेतली, संपलं. राज्यभर मशीनने मोजलेल्या मतपत्रिकांपैकी कुठल्या बाहेर काढून माणसांनी डोळ्यांनी तपासायच्या हे त्या एका संख्येवरून ठरलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खरं सांगायचं तर हसूच आलं, म्हणजे एवढा प्रगत देश आणि शेवटी फासेच. पण त्यामागचं गणित समजून घेतल्यावर वाटलं की अरे, हे तर आपल्या आजीला माहीत होतं. भात शिजला का बघायला ती अख्खं पातेलं ओतून बघत नव्हती, एक शीत काढून बोटांत दाबायची. आता यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक म्हणजे पातेलं नीट ढवळलेलं हवं, नाहीतर वरचं शीत मऊ आणि खाली करपलेलं. दुसरी गंमत अशी की पातेलं घरचं असो नाहीतर लग्नाच्या पंगतीचं, नीट ढवळलं असेल तर शितं तेवढीच काढावी लागतात. पंगतीला शंभरपट भात आहे म्हणून शंभरपट शितं कोणी दाबत बसत नाही.

फासे म्हणजे हे ढवळणं. कुठल्या मतपत्रिका काढणार हे आधी कोणालाच कळता कामा नये, नाहीतर ज्याला घोळ घालायचाय तो नेमक्या त्या सोडून बाकीच्यांत घालेल. म्हणून क्रम फार कडक आहे, आधी प्रत्येक काउंटीने (म्हणजे आपला जिल्हा समजा, कोलोरॅडोत अशा 64 आहेत) मशीनच्या नोंदी आणि कुठल्या खोक्यात किती मतपत्रिका याची यादी जमा करायची, ती एकदा कुलूपबंद झाली की मगच फासे. त्या 20 आकडी संख्येवरून पुढची यादी कंप्युटर काढतो, पण सूत्र जाहीर असतं, तीच संख्या घातली की तीच यादी यायला पाहिजे, त्यामुळे ज्याला शंका आहे त्याने घरी बसून ताडून बघावं.

आता किती शितं? इथे बहुतेक लोकांचा अंदाज चुकतो, माझाही चुकला होता. वाटतं की मतदार जास्त तर तपासणी जास्त. पण खरा हिशोब लीडवर चालतो.

समजा 100 मतांमागे 10 चं लीड आहे, म्हणजे 55 विरुद्ध 45. हा निकाल खोटा असेल, खरं तर हरलेलाच जिंकलेला असेल, तर मशीनने किती मतपत्रिका चुकीच्या वाचलेल्या असायला हव्यात? एक मतपत्रिका इकडची तिकडे झाली की लीडमध्ये जास्तीत जास्त 2 मतांचा फरक पडतो, तेव्हा 100 मागे किमान 5 तरी चुकीच्या असणारच. आता डोळे मिटून एक मतपत्रिका काढली तर ती बरोबर निघायची शक्यता 95 टक्के. दोन काढल्या तर दोन्ही बरोबर निघायची 95 टक्क्यांचे 95 टक्के. असं गुणत गेलं की साधारण 60 व्या मतपत्रिकेला ही शक्यता 5 टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे निकाल खरंच चुकीचा असेल तर 60 काढून एकही चूक न सापडणं हे विसात एखाद्या वेळी घडेल. मतदार 1 लाख असोत नाहीतर 50 लाख, 60 च. प्रत्यक्ष वापरतात ते सूत्र जरा जास्त सावध आहे, ते 62-63 सांगतं, एवढंच.

लीड 1 टक्क्यावर आलं की 600 च्या वर. आणि 0.1 टक्का असेल तर 6 हजारांच्या वर.

याला रिस्क लिमिटिंग ऑडिट म्हणतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी 2007-08 च्या सुमारास याचं गणित मांडलं, कोलोरॅडोने 2009 मध्ये तसा कायदाही केला, पण प्रत्यक्ष राज्यभर व्हायला 2017 उजाडलं आणि तेव्हा असं राज्यभर करणारं ते पहिलंच राज्य होतं. यातली 'रिस्क' नेमकी कशाची हे मात्र नीट बघायला हवं कारण इथे बातम्यावालेही घसरतात. 5 टक्के रिस्क म्हणजे निकाल 95 टक्के बरोबर आहे असं नव्हे. अर्थ एवढाच की निकाल जर चुकीचा असेल तर तो या तपासणीतून सटकून जायची शक्यता जास्तीत जास्त 5 टक्के. कोलोरॅडोने सुरुवात 9 टक्क्यांवर केली आणि नंतर ती मर्यादा खाली आणत गेले.

आता गोडाऊनमध्ये काय होतं ते बघू, मला हा भाग सगळ्यात आवडतो. कोलोरॅडोत बहुतेक मतदान टपालाने, मतपत्रिका घरी येते, गोल रंगवून परत पाठवायची, मग स्कॅनर त्या वाचतो आणि प्रत्येक मतपत्रिकेची वेगळी नोंद ठेवतो. यादीत येतं, उदाहरणार्थ, स्कॅनर 3, गठ्ठा 112, मतपत्रिका 47. कर्मचारी खोकं शोधतो, सीलचा नंबर वहीतल्या नंबरशी ताडतो, सील तोडतो, गठ्ठा काढतो. काही ठिकाणी मतपत्रिकेवर स्कॅन करतानाच नंबर छापलेला असतो ते सोपं, पण जिथे नसतो तिथे वरून एकेक मोजत 47 पर्यंत जायचं, बँकेत नोटा मोजतात तसं, आणि दोन कागद चिकटले की 46 वीच हातात येते. मग मशीन म्हणतं एक आणि कागद दाखवतो भलतंच, आणि सगळे घाबरतात, आणि नंतर कळतं की मशीन बरोबर होतं, मोजणाऱ्याचा अंगठा घसरला होता.

टेबलाशी दोघं बसलेली असतात, वेगवेगळ्या पक्षांची. मतपत्रिका बघून दोघांनी मिळून ठरवायचं की मतदाराला काय म्हणायचंय. हे वाटतं तितकं सरळ नाही, कोणी गोल अर्धाच रंगवतो, कोणी फुली मारतो, कोणी एक रंगवून खोडून बाजूला बाण काढतो. जे दिसलं ते कंप्युटरमध्ये भरायचं, आणि या वेळी मशीनने ती कशी वाचली होती हे त्यांना दाखवत नाहीत. हे फार शहाणपणाचं आहे, कारण आधी उत्तर दिसलं की माणसाचा डोळा उत्तराकडे झुकतोच, पेपर तपासणाऱ्या कुठल्याही मास्तरांना विचारा.

आणि मतपत्रिका सापडलीच नाही तर? तर धरून चालायचं की ती जिंकलेल्याच्या पूर्ण विरोधात होती. म्हणजे हरवलेल्या कागदाचा फायदा जिंकलेल्याला कधीच नाही. या विषयावरच्या शोधनिबंधात अशा मतपत्रिकांना चक्क झॉम्बी म्हटलंय.

थोड्या चुका सापडल्या तर आणखी मतपत्रिका काढायच्या, अजून सापडल्या तर अजून, आणि आकडा पटतच नाही असं झालं तर शेवटी सगळ्याच हाताने मोजायच्या. ही पायऱ्यापायऱ्यांची सोय हाच या पद्धतीचा जीव आहे. आजीसुद्धा शीत कच्चं लागलं की पुन्हा झाकण ठेवून पाच मिनिटांनी दुसरं काढायचीच की.

हे सगळीकडे असं आहे का, तर नाही. अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक घेणारा देशपातळीचा आयोग नाही, तिथे फेडरल इलेक्शन कमिशन आहे पण ते प्रचाराच्या पैशांचं बघतं. मतदान आणि मोजणी राज्यांच्या कायद्याने, काउंटीचे लोक करतात, त्यामुळे जितकी राज्यं तितके नियम. कॅलिफोर्नियात 1965 पासून 1 टक्का मतदान केंद्रं हाताने मोजायचा नियम आहे, न्यूयॉर्कमध्ये 3 टक्के मशीन तपासतात, पेनसिल्व्हेनियात 2 टक्के किंवा 2 हजार मतपत्रिका, जे कमी असेल ते. हे नियम जुने, सरळ, लक्षात राहायला सोपे. पण ठरावीक टक्क्याचा दोष असा की जिथे मोठं लीड आहे तिथे फुकटची मेहनत, आणि जिथे चुरस आहे तिथे तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तरीही नसण्यापेक्षा बरं हे मान्यच.

जॉर्जियाची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. तिथे 2002 पासून कागद नसलेली टचस्क्रीन मशीन होती, म्हणजे तपासायचं म्हटलं तरी मशीनलाच विचारायचं की बाबा तू बरोबर मोजलंस का. 2019 मध्ये कायदा बदलला, कागद आला, ऑडिट आलं, आणि पहिल्याच अध्यक्षीय निवडणुकीत, 2020 मध्ये, साधारण 50 लाख मतांत लीड निघालं जेमतेम पाव टक्क्याच्या आसपास. त्यात एकेका मतपत्रिकेची मशीनच्या नोंदीशी जोडी लावायची सोय जॉर्जियाच्या पद्धतीत नव्हती. अशी जोडी नसली की गणित फार महाग पडतं, 10 टक्के लीडला 60 च्या जागी 600 आणि 1 टक्क्याला 600 च्या जागी 60 हजार, आणि लीड त्याहून कमी झालं की आकडा लाखांत पळतो. मग ठरवलं की शितं राहू देत, पातेलंच ओता. 159 काउंट्यांत माणसांनी सगळ्या मतपत्रिका हाताने वेगळ्या करून मोजल्या, आठवड्याभरात.

यात सापडलं काय? फ्लॉइड काउंटीत 2,600 च्या आसपास मतपत्रिका स्कॅनच केलेल्या नव्हत्या, आणि फेएट काउंटीत एका मेमरी कार्डवरची 2,755 मतं बेरजेत घ्यायची राहून गेली होती. म्हणजे मशीनने चुकीचं वाचलं असा प्रकार नाही, माणसं विसरली. बायडन यांचं लीड त्यामुळे कमी झालं पण हाताच्या मोजणीतही 12,284 चं लीड राहिलं, निकाल तोच. निकाल ज्यांना पटला नव्हता त्यांना तो त्यानंतरही पटला नाही हे आपण सगळ्यांनी बघितलंच, पण ते गणिताच्या हातात नव्हतं.

एक अडचण या सगळ्याला आहे. कागदच बदललेला असेल तर ऑडिट त्या बदललेल्या कागदाचंच होणार. खोकी कुठे ठेवली, सील कोणी लावलं, किल्ली कोणाकडे होती, या वह्या जर भोंगळ असतील तर वरचं सगळं गणित हवेत.

आता आपल्याकडे. व्हीव्हीपॅटच्या (म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या, मतदान यंत्राला जोडलेल्या पेटीतल्या) चिठ्ठ्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात, काचेमागे 7 सेकंद. आधी दर विधानसभा मतदारसंघात एका मशीनच्या चिठ्ठ्या मोजायचे, 8 एप्रिल 2019 ला सुप्रीम कोर्टाने 5 करायला सांगितल्या. कुठल्या 5 हे सोडत काढून ठरतं, उमेदवारांच्या माणसांसमोर, आमचे फासे म्हणजे हेच. त्याआधी आयोगाने नेमलेल्या समितीने, त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे तज्ज्ञ होते, सांगितलं होतं की देशभरातून 479 मशीन तपासल्या तरी पुरे. गणित बरोबर आहे, देशातल्या 2 टक्के मशीन बिघडलेल्या असतील तर 479 मध्ये त्यातली एक तरी सापडण्याची खात्री 99.99 टक्के येते, कॅल्क्युलेटरवर करून बघा. प्रश्न एवढाच की पातेलं कोणतं धरायचं. देशभराच्या मशीन सरसकट कशा आहेत हे विचारायचं असेल तर पातेलं एक. पण आमदार प्रत्येक मतदारसंघाचा वेगळा निवडून येतो, तिथे प्रत्येकाची चूल वेगळी.

शिवाय आपल्या कंट्रोल युनिटमधून (मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग) फक्त उमेदवारवार बेरीज बाहेर येते, अमुक चिठ्ठी म्हणजे मशीनमधली अमुक नोंद अशी जोडी लावता येत नाही, आणि मत गुप्त ठेवायचं म्हटलं तर ते एका अर्थी बरंच आहे. पण त्यामुळे तपासायचं शीत म्हणजे अख्ख्या केंद्राचं मशीन.

महाराष्ट्रात नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला 288 मतदारसंघांत प्रत्येकी 5 अशा 1,440 मशीनच्या चिठ्ठ्या मोजल्या, कुठेही तफावत नाही असं निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. त्याच निवडणुकीत शिरपूरला लीड होतं सुमारे 1 लाख 46 हजारांचं आणि मालेगाव मध्यला 162 मतांचं. दोन्हीकडे तपासल्या 5 च.