राहणीखर्चाचा निर्देशांक निम्मा, म्हणून घरखर्च निम्मा नव्हे

सहकुटुंब परदेशी जाण्याचा बेत आखणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: एखाद्या शहराचा राहणीखर्च निर्देशांक ५० असला, की १०० निर्देशांकाच्या शहराच्या निम्म्या पैशांत तिथे घर चालते. हा समज चुकीचा आहे, आणि तो फसवतो तोही नेमका सर्वांत मोठ्या खर्चाच्या बाबतीत.

सर्रास वापरल्या जाणाऱ्या नंबिओ या संकेतस्थळाचेच पाहा. तिथे न्यूयॉर्कला १०० धरून इतर शहरांची तुलना केली जाते. परंतु राहणीखर्चाच्या मूळ निर्देशांकात घरभाडे धरलेलेच नसते, त्यासाठी वेगळा निर्देशांक दिलेला असतो, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून तोच सुटतो. शिवाय बरेचसे दर वापरकर्त्यांनीच नोंदवलेले असतात.

एकट्याच्या खर्चाला माणसांच्या संख्येने गुणणेही तितकेच फसवे आहे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या, कुटुंबाच्या आकारानुसार गरज मोजणाऱ्या सुधारित मोजपट्टीत पहिल्या प्रौढाला १, पुढील प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि १४ वर्षांखालील मुलाला ०.३ असा भार दिला जातो. म्हणजे आईवडील व दोन लहान मुलांची गरज चौपट नव्हे, तर २.१ पट ठरते. (अर्थात ही मोजपट्टी उत्पन्नाच्या तुलनेसाठी आहे, पाळणाघराचे शुल्क तिच्यात मावत नाही.)

म्हणून भाडे, पाळणाघर व आरोग्यविमा यांचे प्रत्यक्ष दर त्या त्या भागातून मागवावेत, करकपातीनंतर हाती येणाऱ्या पगारासमोर ते मांडावेत, आणि घराची अनामत रक्कम मासिक खर्चात न मिसळता वेगळी लिहावी.